अन्ननलिका आणि जठराची स्लाइड: तुकडा कापण्यापासून ओळखण्यापर्यंत

विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकलची जर्नल तपासायला बसले की दरवर्षी त्याच तीन चुका हाताशी येतात. अन्ननलिकेच्या स्लाइडखाली 'योनी' असं लिहिलेलं असतं, फंडसला (जठराच्या वरच्या घुमटाला) पायलोरस (जठराचं आतड्याकडचं टोक) म्हटलेलं असतं, आणि जठराच्या आतल्या कडेला ओळीनं गॉब्लेट पेशी (आतड्यातल्या फुगीर, श्लेष्मा भरलेल्या पेशी) काढलेल्या असतात. ही मुलं आळशी नाहीत. तळोदा, साक्री, चोपडा, यावल इथून आलेली, वसतिगृहात रात्री दोनपर्यंत जागून थर पाठ केलेली मुलं आहेत. पण सूक्ष्मदर्शकाशी बसल्यावर पहिल्या झटक्यात ४० एक्स, म्हणजे ४० पट मोठं दाखवणारं लेन्स लावतात आणि हाक मारतात, "मॅडम, यामा काहीच दिखत नही." दिसणारच नाही. क्रम चुकलेला असतो.

तंत्रज्ञांची चूक वेगळी, पण तिचं मूळही तेच. जठराचा तुकडा सावकाश हाताळला जातो आणि स्लाइड घाईत पाहिली जाते. व्हायला हवं याच्या उलट. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे इथल्याच विभागात इथल्याच हवेत स्लाइड करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहिते आहे. ज्यांना स्लाइड तयार मिळते, त्यांनी थेट टप्पा ५ वर जावं. पण पहिले चार टप्पे वाचलेत तर तुमच्या पेटीतली एखादी स्लाइड 'अशी का दिसते' हे कळेल.

टप्पा १ : तुकडा कुठला आहे, हे आधी ठरवा

माणसाचा तुकडा हवा असेल तर शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाची निरोगी कडा हाच चांगला स्रोत. त्यासाठी लेखी परवानगी आणि नोंद आधी, चाकू नंतर. विच्छेदनासाठी ठेवलेल्या मृतदेहाच्या जठरातून सुंदर स्लाइड होईल ही आशा सोडा. एम्बाल्मिंग (मृतदेह टिकवण्यासाठी त्यात द्रावण भरणं) होईपर्यंत आतला थर बहुतेक वेळा गेलेला असतो.

सरावासाठी खाटकाकडून बोकडाचा तुकडा आणणारे बरेच आहेत. हात बसवायला ते ठीक आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोकड रवंथ करणारा प्राणी, त्याच्या पोटाला चार कप्पे. वजडी म्हणून आपण जे विकत घेतो त्यातला टॉवेलसारखा खरखरीत भाग, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार भाग आणि पुस्तकाच्या पानांसारखा भाग, हे तिन्ही स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस एपिथेलियमचे, म्हणजे चपट्या पेशींच्या अनेकथरी अस्तराचे, तेही केराटिनचा (नखात असतं तसं टणक प्रथिन) थर असलेले. त्यांत ग्रंथी नाहीत. माणसाच्या जठराशी जुळतो तो फक्त चौथा कप्पा, हाताला गुळगुळीत आणि बुळबुळीत लागणारा. खाटीकदादाला तोच वेगळा काढून मागा.

दुसरी गोष्ट अन्ननलिकेची. 'वरच्या तिसऱ्या भागात ऐच्छिक स्नायू, मधल्या भागात मिश्र, खालच्या भागात अनैच्छिक' हा नियम माणसाचा आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत आणि कुत्र्यातही ऐच्छिक स्नायू पार खालपर्यंत जातो. बोकडाच्या अन्ननलिकेची खालच्या टोकाची स्लाइड पाहून 'वरचा भाग' असं उत्तर लिहिणाऱ्याचं डोकं बरोबर असतं, स्लाइडवरची चिठ्ठी अपुरी असते.

> तपासा: चिठ्ठीवर प्राणी, भाग आणि काप आडवा की उभा, ही तिन्ही माहिती आहे का? पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलात धुऊन जाते.

टप्पा २ : फॉर्मॅलिन, आणि तेही लगेच

या लेखातला एकच टप्पा वाचायचा असेल तर हा वाचा. जठर स्वतःला पचवतं. जिवंतपणी श्लेष्माचा थर आणि सतत नव्यानं येणाऱ्या पेशी त्याला वाचवतात. रक्तपुरवठा थांबला की आम्ल आणि पेप्सिन त्याच पेशींवर काम सुरू करतात, आणि पहिला बळी जातो आतल्या पृष्ठभागाचा, म्हणजे नेमका तोच भाग जो आपल्याला पाहायचा असतो.

उष्णतेनं हे काम वेगानं होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे इथं कुणाला सांगायला नको. अशाच एका मे महिन्यात सकाळी मिळालेला जठराचा तुकडा मी सलाइनमध्ये ठेवून वर्गावर गेले. दोन तासिका झाल्या, मधे वीज गेली, परत आले तेव्हा दुपार टळली होती. तुकडा डोळ्यांना ठीक दिसत होता. स्लाइड झाली तेव्हा स्नायू स्वच्छ, सबम्युकोसा (म्युकोसाखालचा थर) स्वच्छ, आणि म्युकोसाच्या, म्हणजे सगळ्यात आतल्या थराच्या जागी फिकट गुलाबी सावल्या. केंद्रकं नाहीत, पेशींच्या कडा नाहीत. ती स्लाइड मी जपून ठेवली आहे आणि नव्या तंत्रज्ञाला पहिल्या दिवशी तीच दाखवते.

तयारी अशी करा, तीही तुकडा येण्याआधी:

१. एक लिटर न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनसाठी बाजारातलं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घ्या. बफर टाळून नुसतं पाणी मिसळलं तर फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि तुकड्यात काळपट तपकिरी ठिपके उमटतात. मुलं त्यांना पेशी समजतात.

२. द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान १० पट, जमलं तर २० पट हवं. छोट्या बाटलीत कोंबलेला तुकडा बाहेरून टणक आणि आतून कच्चा राहतो.

३. जठर मोठ्या वक्र कडेनं उघडा. आतलं अन्न सलाइननं हलक्या हातानं ओघळू द्या. नळाखाली धरू नका, बोटानं चोळू नका, कापसानं पुसू नका.

४. थर्मोकोलवर म्युकोसा वर ठेवून टाचण्यांनी चारही बाजूंनी सैलसर टाचा. हे केलं नाही तर स्नायू आकसतो, तुकडा वाळलेल्या पानासारखा वळतो आणि पुढे सरळ काप मिळत नाही. थर्मोकोल पालथा घालून द्रावणावर तरंगवा, म्हणजे म्युकोसा पूर्ण बुडेल.

५. फॉर्मॅलिन साधारण तासाला १ मिलिमीटर या गतीनं आत शिरतं. सुरुवातीला काही तास टाचलेलं ठेवा, मग ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून ताज्या द्रावणात २४ तास ठेवा.

> सावधान: फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला घातक आहे, आणि फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला आणि हवा खेळती ठेवा. उन्हाळ्यात गरम झळ येते म्हणून खिडक्या लावून काम करू नका.

लगेच फॉर्मॅलिन शक्यच नसेल तर तुकडा फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, कारण आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात.

टप्पा ३ : पट्टी कुठून, आणि मेणाच्या ब्लॉकमध्ये उभी कशी

अन्ननलिका माणसात साधारण २५ सेंटिमीटर लांब. गळ्यात सहाव्या मानेच्या मणक्यापाशी सुरू होते, दहाव्या छातीच्या मणक्याच्या पातळीवर डायफ्रॅममधून जाते आणि अकराव्यापाशी जठराला मिळते. वरचा, मधला, खालचा असे तीन आडवे काप घ्या. अन्ननलिका आणि जठर जिथं जुळतात तिथला काप मात्र उभाच हवा. आडव्या कापात एक तर इकडचं दिसतं, नाही तर तिकडचं. उभ्या कापात जाड, अनेकथरी एपिथेलियम एका रेषेवर संपतं आणि तिथूनच एका थराचं स्तंभाकार सुरू होतं. असा बदल शरीरात इतक्या ठळकपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो.

जठराच्या पट्ट्या दोन तरी हव्यात, एक बॉडीची (जठराच्या मधल्या मोठ्या भागाची) आणि एक पायलोरसची. पायलोरसची पट्टी ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) सुरुवातीसकट घेतलीत तर एकाच स्लाइडवर दोन धडे मिळतात.

पुढे अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, झायलीन आणि ५८ ते ६० अंशांना वितळणारं मेण हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. चूक होते ती मेणात तुकडा ठेवताना. पट्टी आडवी झोपवली की ब्लेड म्युकोसाला समांतर जातं. मग ग्रंथींच्या नळ्या गोल गोल कड्या होऊन दिसतात, पिट (पृष्ठभागावरचा खड्डा, ज्यात ग्रंथी उघडतात) कुठला आणि ग्रंथी कुठली ते कळत नाही, खोलीचं प्रमाण तर मोजताच येत नाही. पट्टी कडेवर उभी करा, म्हणजे साच्याच्या तळाकडून पाहिलं तर म्युकोसापासून बाहेरच्या आवरणापर्यंत सगळे थर एका ओळीत दिसतील.

> तपासा: मेण थंड होण्याआधी चिमट्यानं पट्टी धरून साच्याच्या तळाकडे बघा. आतून बाहेरपर्यंतचे थर शेजारी शेजारी दिसत नसतील तर आत्ताच फिरवा.

टप्पा ४ : काप आणि रंग

जठराची म्युकोसा मऊ, स्नायू चिवट. मेण थोडं जरी मऊ असलं तरी ब्लेड मऊ भागावर सुरकुत्या पाडतं. खोलीचं तापमान चाळिशीकडे गेलं की मेण वितळत नाही, पण मऊ पडतं. मी उन्हाळ्यात मायक्रोटोमचं (पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं) काम सकाळी आठच्या आत उरकते आणि ब्लॉक बर्फावर ठेवून एकेक घेते. पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीशी ब्लॉक साठवू नका. ४ ते ५ मायक्रॉनचा काप पुरेसा आहे. वॉटर बाथचं पाणी मेणाच्या वितळणबिंदूपेक्षा साधारण १० अंश कमी ठेवा.

रंगासाठी हिमॅटॉक्सिलिन (निळा-जांभळा) आणि इओसिन (गुलाबी). मेण झायलीननं काढा, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणा, हॅरिस हिमॅटॉक्सिलिन ५ ते ८ मिनिटं, धुणं, १ टक्का आम्लयुक्त अल्कोहोलच्या काही डुबक्या, वाहत्या पाण्यात निळं होऊ देणं, इओसिन १ ते २ मिनिटं, पुन्हा अल्कोहोल, झायलीन आणि डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवणारं द्रव्य).

फंडसची स्लाइड ही रंगाची खरी परीक्षा. तिच्यात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. पॅरायटल पेशी मायटोकॉन्ड्रियांनी भरलेली, म्हणून गुलाबी. चीफ पेशीच्या तळाशी प्रथिनं बनवणारी यंत्रणा दाट, म्हणून जांभळी. इओसिन जास्त झालं की दोन्ही गुलाबी होतात आणि स्लाइड शिकवण्याच्या कामाची राहत नाही. उलट निळं करायला अमोनियाचं पाणी वापरून नीट धुतलं नाही, तर इओसिन चढतच नाही आणि पॅरायटल पेशी फिकी पडते.

> तपासा: आम्लयुक्त अल्कोहोलनंतर स्लाइड ओली असतानाच कमी शक्तीखाली बघा. केंद्रकं ठळक, पार्श्वभूमी जवळजवळ बिनरंगी. मगच इओसिनकडे जा.

टप्पा ५ : पाहण्याचा क्रम

आधी स्लाइड उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. गोल नळी आणि मधे चुण्यांमुळे झालेलं चांदणीसारखं भोक दिसलं तर ते अन्ननलिकेकडे बोट दाखवतं. एका बाजूला जांभळट जाड पट्टा आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी जाड पट्टा असेल तर जठर असण्याची शक्यता मोठी.

मग ४ एक्स, मग १० एक्स, आणि शेवटी ४० एक्स. ४० एक्सवर काही केल्या स्पष्ट होत नसेल तर फिरकी पिळत बसू नका, स्लाइड पालथी आहे का बघा. कव्हरस्लिप खाली गेली की काचेच्या जाडीमुळे ते लेन्स तिथवर पोचतच नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी निदान दोन-तीन मुलांचं 'काहीच दिखत नही' इथंच सुटतं.

आता पोकळीपासून बाहेरच्या दिशेनं चार प्रश्न विचारा, याच क्रमानं:

१. सगळ्यात आतलं एपिथेलियम अनेकथरी की एकथरी?
२. मस्क्युलॅरिस म्युकोझी, म्हणजे म्युकोसाच्या तळाची बारीक स्नायूची रेघ, आहे का?
३. ग्रंथी कुठल्या थरात आहेत?
४. बाहेरचा स्नायू ऐच्छिक की अनैच्छिक?

केळीचा खांब आडवा कापला की एकात एक बसलेल्या खोप्या दिसतात आणि मधे गाभा. रावेर-यावलकडच्या मुलांना मी तेच डोळ्यांपुढे आणायला सांगते. गाभ्यापासून एकेक खोपी ओलांडत बाहेर यायचं, मधली एकही सोडायची नाही.

टप्पा ६ : अन्ननलिका पक्की करणं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'अनेकथरी, केराटिन नाही'. वरच्या चपट्या पेशींतही केंद्रकं दिसतात, हीच केराटिन नसल्याची खूण. इथं थांबून उत्तर लिहिलं की 'योनी' होते, कारण योनीचं एपिथेलियमही असंच असतं. म्हणून दुसरा प्रश्न सोडू नका. अन्ननलिकेत मस्क्युलॅरिस म्युकोझी असते, खालच्या भागात चांगली जाड. तिचे तंतू उभे धावतात, त्यामुळे आडव्या कापात ती रेघेसारखी न दिसता छोट्या छोट्या गोल जुड्यांची माळ दिसते. योनीत ही नसते आणि ग्रंथीही नसतात.

सबम्युकोसात श्लेष्मा तयार करणाऱ्या फिकट ग्रंथींचे पुंजके सापडले तर प्रश्न मिटला. पण त्या प्रत्येक कापात येतीलच असं नाही. ग्रंथी दिसल्या नाहीत म्हणून अन्ननलिका नाही, असं म्हणू नका.

शेवटी स्नायू. ४० एक्सवर आडव्या रेघा आणि कडेला सरकलेली केंद्रकं असतील तर ऐच्छिक, रेघा नसून मधोमध केंद्रक असेल तर अनैच्छिक. दोन्ही एकाच कापात असतील तर मधला भाग. आत वर्तुळाकार आणि बाहेर उभा अशा दोन थरांच्या मधे फिकट, मोठ्या केंद्रकाच्या चेतापेशींचे छोटे गट शोधा, तो ऑअरबाखचा प्लेक्सस. सगळ्यात बाहेर बहुतांश लांबीत ॲडव्हेंटिशिया (सैल जोडऊतीचं आवरण) असतं, सिरोसा (गुळगुळीत पातळ आवरण) फक्त पोटातल्या छोट्या भागावर.

टप्पा ७ : जठर, आणि जठराचा कुठला भाग

एकथरी स्तंभाकार एपिथेलियम, आणि ओळीतली प्रत्येक पेशी श्लेष्मा तयार करणारी. पेशीचा वरचा भाग फिकट दिसतो, त्यालाच मुलं गॉब्लेट पेशी समजतात. गॉब्लेट पेशी ही साध्या पेशींच्या ओळीत अधूनमधून बसलेली, फुगीर पेल्यासारखी असते. निरोगी जठरात ती नसते. जठरात ती दिसली तर पॅथॉलॉजिस्ट तिला आतड्यासारखा झालेला बदल म्हणतो, म्हणून जर्नलमध्ये ती काढणं ही साधी चूक नाही.

सबम्युकोसात ग्रंथी नसतात. तिथं ग्रंथी आणि वर बोटांसारखे विलाय दिसले तर तुम्ही पायलोरस ओलांडून ड्युओडेनममध्ये आला आहात.

आता भाग. १० एक्सवर म्युकोसाची पूर्ण जाडी एका नजरेत घ्या आणि पिट किती खोल जातो ते बघा. फंडस आणि बॉडीत तो साधारण पाव जाडीपर्यंत, त्याखाली लांब, सरळ, दाटीवाटीच्या ग्रंथी. पायलोरसमध्ये पिट निम्म्या जाडीपर्यंत किंवा त्याहून खाली, आणि ग्रंथी आखूड, वळणदार, फिकट. हे प्रमाण डोळ्यांनी ठरवल्यावरच ४० एक्स लावा आणि पेशींनी खातरजमा करा. पॅरायटल पेशी ग्रंथीच्या वरच्या अर्ध्यात जास्त, गोल किंवा त्रिकोणी, गुलाबी, केंद्रक मधोमध, तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखी. ती हायड्रोक्लोरिक आम्ल आणि इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारं प्रथिन) देते. चीफ पेशी तळाशी, जांभळी, केंद्रक खाली सरकलेलं, पेप्सिनोजेन (पेप्सिनचं आधीचं रूप) देणारी.

कार्डिया, म्हणजे अन्ननलिकेला लागून असलेला जठराचा भाग, फसवा आहे. ग्रंथी पायलोरससारख्याच फिकट आणि वळणदार, पण पिट तितका खोल नाही. पट्टाही अगदी अरुंद. शेजारी अनेकथरी एपिथेलियम दिसत असेल तरच कार्डिया म्हणा.

> सावधान: फंडस आणि बॉडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. व्हायवात (तोंडी परीक्षेत) 'हा फंडसच कशावरून?' असं विचारलं तर पेशींवरून वेगळं करता येत नाही, हेच खरं उत्तर आहे.

बाहेरच्या स्नायूचे तिरका, वर्तुळाकार आणि उभा असे तीन थर आहेत, पण एका कापात तिन्ही सुटे दिसणं दुर्मीळ. दिसले नाहीत तर चित्रात काढू नका.

टप्पा ८ : जर्नलचं चित्र

सूक्ष्मदर्शक शेजारी चालू असताना काढा, सोबत्याच्या जर्नलवरून नाही. सगळी नळी काढण्यापेक्षा आतून बाहेरपर्यंतची एक उभी पट्टी घ्या. तिच्या उंचीत आधी साध्या पेन्सिलीनं थरांच्या सीमा आखा, कारण पिट आणि ग्रंथीचं प्रमाण इथंच चुकतं. फंडससाठी म्युकोसाच्या जाडीचे चार समान भाग करा, पिट वरच्या एकातच संपवा. मग हिमॅटॉक्सिलिन पेन्सिलीनं केंद्रकं आणि चीफ पेशींचा तळ, इओसिन पेन्सिलीनं पॅरायटल पेशी आणि स्नायू. आधी गुलाबी हलकं फिरवा, जांभळं नंतर, नाही तर सगळं मातकट होतं. नावांच्या रेघा उजवीकडे, आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या.

चित्राखाली ओळखीचे मुद्दे लिहा, पण फक्त त्या स्लाइडवर दिसलेले. स्पॉटरला (स्लाइड पाहून ओळखायच्या परीक्षेत) पॉइंटर एखाद्या पेशीवर रोखलेला असेल तर पेशीचं नाव लिहा, अवयवाचं नाही. पॉइंटर नसेल तर चार प्रश्नांची उत्तरं मनात त्याच क्रमानं घ्या, अवयव आणि भाग लिहा, आणि स्लाइडला हात न लावता पुढच्या टेबलाकडे सरका. तुमच्या मागे उभ्या असलेल्या मुलालाही तोच भाग त्याच जागी दिसायला हवा.